पाठकोऱ्या चिठ्ठ्या

अकरा जानेवारी, रविवार. सकाळी चहा झाल्यावर गॅसवर मैद्याची खळ शिजत ठेवली. खळीत चिमूटभर मोरचूद घालावा लागतो, नाहीतर झुरळं पाकिटं खातात. बाजारच्या डिंकाने कागद सुरकुततो आणि जानेवारीच्या कोरड्या हवेत सुटतो, म्हणून आमचं त्रैमासिक निघायला लागल्यापासून खळ माझ्याच स्वयंपाकघरात होते. बैठकीच्या खोलीत जुनी चादर अंथरलेली होती. तिच्यावर नव्या अंकाच्या थप्प्या, शेजारी कापलेला खाकी कागद, वर्गणीदारांची यादी. आणि टीपॉयवर रबरबँड लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा.

चिठ्ठ्या संस्थेच्या सचिवांनी छापून पाठवल्या होत्या. मजकूर असा: ‘या अंकातील “माघारीचा दिवस” हा लेख वस्तुस्थितीला धरून नसल्यामुळे मागे घेण्यात येत आहे. वाचकांना झालेल्या मनस्तापाबद्दल संपादक दिलगीर आहेत.’

संपादक मी. दिलगीर मी नव्हते.

प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर एकेक चिठ्ठी चिकटवायची आणि सोमवारी अंक टपालात टाकायचे, असं ठरलं होतं. म्हणजे त्यांनी ठरवलं होतं. मी ‘बघते’ म्हटलं होतं. आमच्याकडे ‘बघते’ला होकार समजतात.

मी जळगावात राज्यशास्त्र शिकवते. हा विषय मुलं गुण मिळतात म्हणून घेतात, आणि घरचे स्पर्धा परीक्षेला उपयोग होईल म्हणून घेऊ देतात. आम्ही धुळे-जळगावचे काही शिक्षक मिळून मराठीत एक त्रैमासिक काढतो. नियम एकच. दिल्लीत काय चाललंय ते सांगणारे पुष्कळ आहेत. आम्ही छापायचं ते पंचायतीत, सहकारी सोसायटीत, बाजार समितीत, साक्रीच्या आठवडे बाजारात सत्ता कशी चालते ते, आणि ते सुद्धा जिथे चालते तिथल्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत. या नियमापायी आम्हाला विद्वानांमध्ये फारसं कुणी विचारत नाही. एकदा एका चर्चासत्रात एका मोठ्या प्राध्यापकांनी मला विचारलं, “तुमच्या लेखांत सिद्धान्त कुठे असतो?” मी म्हटलं, “शेतात असतो, सर. बांधावर बघा.” त्यांना ते आवडलं नाही. जेवणाच्या वेळी ते दुसऱ्या टेबलावर बसले.

त्रैमासिकावर प्रकाशक म्हणून आमच्या शिक्षणसंस्थेचं नाव असतं. एरवी त्याने काही फरक पडत नाही. वर्षातून एकदा अध्यक्षांचा फोटो आणि शुभेच्छा छापल्या की संस्था खूश असते. शुभेच्छा मीच लिहिते. दरवर्षी त्यात ‘निर्भीड’ हा शब्द असतो, आणि आजवर कुणी तो खोडलेला नाही.

‘माघारीचा दिवस’ हा लेख माझ्या एका विद्यार्थिनीचा. ती साक्रीची. आता धुळ्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तास घेतले तर पगार, सुट्टी लागली की पगारालाही सुट्टी. तिने अभ्यासाला विषय घेतला बिनविरोध निवडणुकांचा. आपल्याकडे गाव बिनविरोध झालं की वर्तमानपत्रात फोटो येतो, बक्षीस मिळतं, गुलाल उधळतात. पाठ्यपुस्तकात त्याला सहमती म्हणतात. हिने प्रश्न साधा विचारला: निवडणूक बिनविरोध होते तेव्हा माघार कोण घेतं? उत्तरासाठी ती एका गावात पुन्हापुन्हा जाऊन राहिली.

त्या गावात सरपंचपद बाईसाठी राखीव होतं. बचतगट चालवणाऱ्या एका बाईने अर्ज भरला. मारुतीच्या पारावर बैठक झाली आणि ठरलं की सभामंडप जो बांधून देईल त्याच्या घरची बाई सरपंच होईल. अर्ज भरलेल्या बाईला कुणी धमकावलं नाही. कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. माघारीच्या दिवशी दारात जीप आली. तिला पुढच्या सीटवर बसवलं. वाटेत थांबून गरम भजी खाऊ घातली. तहसील कचेरीत सही झाल्यावर तिथेच साडी आणि नारळ देऊन तिचा सत्कार केला, आणि गावाच्या एकीसाठी मन मोठं केलं म्हणून टाळ्या वाजवल्या. ती बाई म्हणाली होती, माझ्या लग्नातसुद्धा माझ्याशी कुणी इतकं गोड बोललं नव्हतं.

लेख वाचून मी पेन खाली ठेवलं. आमच्या त्रैमासिकात इतका स्वच्छ लेख फार दिवसांनी आला होता. दुरुस्ती एकच सुचवली, आणि सगळं रामायण त्या दुरुस्तीतून झालं.

आमच्या शास्त्रात माहिती देणाऱ्याचं आणि गावाचं नाव झाकतात. तिने लेखात ‘गाव अ’ असं लिहिलं होतं. मला ते भूमितीच्या पुस्तकासारखं वाटलं. अ बिंदूतून ब रेषेला लंब टाका. मी म्हटलं, “गावाला नाव दे. खोटं दे, पण नाव दे. माणसं राहतात तिथे.” मग नाव कुठलं? एखादं वेगळं नाव ठेवलं तर कुणीतरी शोधत बसेल. मी सुचवलं की प्रत्येक तालुक्यात एकदा तरी सापडतं असं झाडावरून पडलेलं नाव घेऊ. इतकी गावं एकाच नावाची म्हटल्यावर कुणी कुणाकडे बोट दाखवणार? ती म्हणाली, “हुशारी आहे, मॅडम.” मलाही वाटलं हुशारी आहे. ते नाव इथे लिहीत नाही. एकदा हात पोळलाय.

अंकाच्या थोड्या प्रती धुळ्याच्या एका चर्चासत्रात हातोहात गेल्या. तिथून कुणीतरी लेखाच्या एका पानाचा फोटो काढला आणि तो तालुक्या-तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरला. खऱ्या गावाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, तेवढा माझा हिशेब बरोबर होता. पण त्या नावाच्या ज्या ज्या गावात निवडणूक बिनविरोध झाली होती, त्या प्रत्येक गावाला वाटलं की हे आपल्यावरच लिहिलंय.

पहिले आले जामनेरकडचे. चौघे जण, पांढरे कपडे, गळ्यात उपरणी. पुढे होते ते सरपंचबाईंचे यजमान. विभागात तीनच खुर्च्या, म्हणून चौथे कपाटाला टेकून उभे राहिले.

“मॅडम, तुम्ही आमच्या गावाची बदनामी काहून करून राह्यल्या?”

“तुमचं गाव नाही ते, भाऊ. नाव बदललेलं आहे. तसं तळटीपेत लिहिलंय.”

“तळटीप कोन वाचतं? नाव आमचं, सरपंचबाई आमची, मंदिर आमचं. आन् वरून खोटं लिव्हलं. भजी म्हने! आम्ही त्या बाईले शेवभाजीचं जेवन दिलं होतं हॉटेलात. बसून.”

“म्हणजे तुमच्याकडेही एक बाई होती?”

“होती ना. एक नाही, दोन होत्या.” मग ते थांबले. कपाटाला टेकलेले खाकरले.

“आणि साडी?”

“साडी नही, पैठणी दिली,” मागच्या खुर्चीवरचे अभिमानाने म्हणाले. यजमानांनी मान वळवून त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उपरण्याने तोंड पुसायला लागले.

मी त्यांना चहा दिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर चोर स्वतःच कंदील घेऊन दारात आला होता. पण हसण्यासारखं फार नव्हतं. जाताना यजमान म्हणाले, “आमचं गाव नही ना? मग खरं गाव कोनतं ते छापा. आम्ही मोकळे, तुम्हीही मोकळ्या.”

त्यानंतर धुळ्याकडच्या त्याच नावाच्या गावाचा फोन आला, मग चोपड्याकडून एक पत्रक. प्रत्येकाचं मागणं तेच: आमचं नाही तर कुणाचं, सांगा. पत्रकवाल्यांनी तर लिहिलं होतं की आमच्याकडे जीप नव्हती, ट्रॅक्टर होता, सबब लेख खोटा. ते पत्रक मी जपून ठेवलं आहे. संशोधनाला असा दुजोरा पैसे देऊन मिळत नाही.

मला एवढंच कळत होतं की खरं गाव छापलं की ती बाई उघडी पडते. तिने माझ्या विद्यार्थिनीवर विश्वास ठेवून सांगितलं होतं, आणि त्या गावातच तिला राहायचं होतं. गाव सांगायचं नाही, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं. ठरवायला वेळ लागला नाही. निभावायला लागला.

आमच्या सचिवांना सगळे नाना म्हणतात. मीही नानाच म्हणते. चिडणं, ओरडणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी मला कचेरीत बोलावलं नाही, भरीत पार्टीला बोलावलं. हिवाळ्यात आमच्याकडची निम्मी राजकारणं भरताच्या पार्टीत होतात. नानांच्या केळीच्या बागेला लागून मोकळं रान आहे. तिथे कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायला टाकलेली, पलीकडे कढईत पुऱ्या, झाडाखाली खुर्च्या. मला न्यायला त्यांची गाडी पिंप्राळ्यात माझ्या घरी आली. ड्रायव्हर म्हणाला, “ताई, पुढे बसा, पुढे आरामशीर आहे.” मी मागे बसले.

“ताई, लेख उत्तम आहे,” नाना म्हणाले. “मी स्वतः वाचला. काय निरीक्षण आहे पोरीचं!”

“मग प्रश्न काय आहे, नाना?”

“प्रश्न कसला? प्रश्न नाहीच. गावं नाराज आहेत. आपली पोरं त्या गावांतूनच येतात ना कॉलेजात? तुम्ही फक्त मला कानात सांगा, कुठलं गाव ते. मी माझ्या पद्धतीने मिटवतो. छापायचीही गरज नाही.”

“कानात सांगितलं तरी ते सांगणंच झालं.”

“बरं, नका सांगू.” त्यांनी माझ्या ताटात स्वतः भरीत वाढलं, वर तेलाची धार, कांद्याची पात. “मग एक छोटीशी चिठ्ठी लावू. लेख मागे. विषय संपला. कुणाचं नाव नको, गाव नको. त्या बाईलाही त्रास नको. तिचाच विचार करतोय मी.”

मी खात होते. भरीत झकास झालं होतं, ते नाकारण्यात अर्थ नव्हता.

“आणि हो,” ते म्हणाले, “वर्धापनदिनाला तुमचा सत्कार ठेवलाय. इतकी वर्षं एकटीने त्रैमासिक चालवलंत, संस्थेने दखल घ्यायला नको? शाल, श्रीफळ, मानपत्र. तुमच्या पदोन्नतीची फाइलही टेबलावर आहे माझ्या. सही तेवढी राहिलीय.”

गाडी, पुढची सीट, गरमागरम खाणं, नारळ. फक्त साडीऐवजी शाल होती. मी आजूबाजूला पाहिलं. सगळे माझ्याकडे बघून हसत होते, आणि एकाच्याही डोळ्यांत वाईट भाव नव्हता. लेखाचं मी तीनदा मुद्रितशोधन केलं होतं, पण त्या बाईला जीपमध्ये काय वाटलं असेल ते मला नानांच्या रानात पहिल्यांदा कळलं. नाही म्हणणं अवघड असतं ते भीतीने नव्हे. समोरचा इतका चांगला वागत असतो की नाही म्हणणारीच उद्धट दिसते.

“बघते,” मी म्हटलं. आणि दोन दिवसांत चिठ्ठ्या छापून घरी आल्या.

चिठ्ठ्या घेऊन आमचे छापखानेवाले चाचाच आले. त्रैमासिक सुरुवातीपासून त्यांच्याकडे छापलं जातं. दारातच म्हणाले, “मॅडम, ऑर्डर नानांची होती, मी छापली. धंदा आहे. पण कागद मी चांगला वापरला. विचारा, का?”

“का?”

“वाईट बातमी आहे, कागद तरी चांगला असू दे म्हटलं.” आणि स्वतःच्याच विनोदावर मान हलवत निघून गेले. कागद खरोखर चांगला होता. जाड, एका बाजूने छापलेला, मागून कोरा.

तर रविवार. खळ गार व्हायला ठेवली आणि दाराची बेल वाजली. दारात माझी विद्यार्थिनी, आणि तिच्यामागे डोक्यावर पदर घेतलेली, हातात पिशवी धरलेली चाळिशीची एक बाई.

“मॅडम, या अक्का,” ती म्हणाली. एवढंच. पण मला कळलं.

आता तालुका सांगते, साक्री. अक्कांची त्याला हरकत नाही. गाव अजूनही सांगत नाही. साक्रीहून धुळं, धुळ्याहून जळगाव, दोन एसट्या बदलून त्या आल्या होत्या. जळगावात उतरल्यावर रिक्षा केली.

“रिक्षावालानी बठ्ठं पिंप्राळं दखाडी दिनं माले,” अक्का चप्पल काढता काढता म्हणाल्या. “तुमनं घर सोडीसन.” सगळं पिंप्राळं बघून झालं होतं, माझं घर तेवढं सोडून.

मी पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून नागलीचे पापड काढून टीपॉयवर ठेवले, चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याशेजारी. मग गठ्ठा उचलला.

“हाई काय शे?”

माझी विद्यार्थिनी माझ्याकडे बघायला लागली. चिठ्ठ्यांचं तिला मी फोनवर सांगितलं होतं. ती रडली नव्हती, फक्त म्हणाली होती, “मॅडम, माझं जाऊ द्या. अक्काला काय सांगू?” आणि आता तिने अक्कांनाच आणून माझ्यासमोर बसवलं होतं. विद्यार्थिनी माझीच, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती.

अक्कांनी चिठ्ठी हातभर लांब धरून वाचली. अक्षर अक्षर जुळवत, मोठ्याने. ‘वस्तुस्थितीला धरून नसल्यामुळे’ इथे थांबल्या, पुन्हा वाचलं.

“म्हंजे मी खोटी?”

“असंच लिहिलंय,” मी म्हटलं. गोड करून सांगण्यात काही अर्थ नव्हता.

“आनी तुम्हीन हाई चिकटाडनार?”

आधी मला जे सांगायचं होतं ते सांगितलं. म्हटलं, अक्का, गावं विचारताहेत, आमचे सचिव नाना विचारताहेत, खरं गाव कुठलं, ते मी सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तुमचं नाव झाकायला म्हणून दुसरं नाव घातलं, त्यातून हा घोळ झाला. तुम्हाला तिथे राहायचंय.

अक्का हसल्या. मोठ्याने नाही, नाकातून.

“गावले बठ्ठं मालूम शे, बाई. नाव बदलीसन काय व्हस? सही कोनी करी, साडी कोनी ली, बठ्ठा गावनी दखं शे. ज्या दिन तो फोटू ऊना, त्याच दिन नळवर मना नंबर शेवटला झाया. दीर बोलत नही. मंदिरना सभामंडप तं अजून व्हयेलबी नही, निस्ता खांब उभा शेतस.”

माझ्या विद्यार्थिनीची मान खाली गेली. आम्ही दोघींनी टेबलाशी बसून नाव झाकलं होतं ते जगापासून. जिथे झाकायला हवं होतं तिथे पहिल्या दिवसापासून सगळं उघडं होतं, आणि ही बाई तिथे राहून आली होती.

“मग मी खरं नाव छापू का?” मी विचारलं.

“नही!” त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की शेजारची खिडकी उघडली. “मनं नाव मी सांगसू. पुढला टाइमले अर्ज भरसू, तवय सांगसू. तुम्हीन नही सांगानं, त्या नानानीबी नही. मना अर्ज मी मांगे लिना, मना नावबी मीच पुढे करसू.”

मग चिठ्ठी माझ्यासमोर धरली.

“पन हाईनं काय? तुम्हीनबी माघार लेतस का मंग?”

मला नानांचं रान आठवलं, भरताचा वास, टेबलावरची फाइल. फाइल महत्त्वाची नव्हती असं मी म्हणणार नाही. त्या पदासाठी मी पुष्कळ वर्षं घासलेली आहे आणि माझं वय काही उलटं चालत नाही. पण चिठ्ठी चिकटवून ती फाइल पुढे सरकली असती, तर पुढच्या वर्षी मी वर्गात उभी राहून बिनविरोध निवडणुकीवर काय शिकवणार होते?

मी चिठ्ठी अक्कांच्या हातातून घेतली आणि उलटी करून चादरीवर ठेवली. मागून कोरी, पत्त्याच्या मापाची, चाचांचा चांगला कागद. पत्त्यांसाठी कागद मी अजून कापलेला नव्हता, आणि आमच्या घरात पाठकोरा कागद वाया घालवायची पद्धत नाही. यादी उघडली, पेन घेतलं आणि कोऱ्या बाजूवर पहिल्या वर्गणीदाराचा पत्ता लिहिला. अंक खाकी कागदात गुंडाळला. छापलेल्या बाजूला खळ लावली आणि चिठ्ठी पाकिटावर उपडी चिकटवली. दिलगिरी खाली, पत्ता वर.

माझी विद्यार्थिनी आधी बघत राहिली, मग तिला हसू आवरेना.

“मॅडम, नाना विचारतील, चिठ्ठ्या लावल्या का म्हणून.”

“सगळ्या लावल्या म्हणेन. कशा लावल्या तेही सांगेन. लपवायचं काय त्यात? नाना, बघते म्हटलं होतं, बघितलं.”

“आणि संस्थेने नाव काढून घेतलं तर?”

“मग पुढचा अंक आपल्या नावाने काढू. अध्यक्षांच्या शुभेच्छा लिहिण्याचे माझे कष्ट वाचतील.”

अक्कांनी तोवर बांगड्या कोपरापर्यंत सारल्या होत्या. पत्ते मी लिहीत होते, खळ विद्यार्थिनी लावत होती, चिठ्ठी चिकटवून तळहाताने दाबायचं काम अक्कांनी घेतलं. फार जोरात दाबत होत्या. मी म्हटलं, “अक्का, हळू, अंक आत आहे.” त्या म्हणाल्या, “दाबू द्या. निंघाले नको ती.” दुपारी पिठलं-भाकरी केली आणि नागलीचे पापड भाजले. त्यांच्या पुढच्या अर्जाबद्दल बोलणं झालं. सूचक कोण, अनुमोदक कोण, माघारीच्या दिवशी कुठे जाऊन राहायचं. माझ्या विद्यार्थिनीने साक्रीतलं आपलं घर सुचवलं. अक्का म्हणाल्या, “काबर? मी मनाच घर राहसू. जीप उनी तं उनी. भजी खायी लिसू नि सही नही करसू.” मी तिला म्हटलं, हे लिहून ठेव, पुढच्या लेखाचं शेवटचं वाक्य आहे. ती म्हणाली, शेवटचं नाही, पहिलं.

संध्याकाळच्या गाडीने दोघी परत गेल्या. पाकिटं दारापाशी पोत्यात भरून ठेवली. खळीचं पातेलं भिजत घातलं.

सोमवारी सकाळी पोतं स्कूटरच्या पुढच्या जागेत ठेवलं आणि पोस्टात गेले. खिडकीवरच्या बाईंनी एक पाकीट उजेडाकडे धरलं. “मॅडम, या पत्त्याच्या मागे काहीतरी छापलेलं दिसतंय.”

“आहे. वाचायचं असेल तर पाकीट फाडावं लागेल.”

त्यांनी शिक्का मारला.

नाना वर्गणीदार आहेत, म्हणून त्यांचं पाकीट टपालाचा खर्च वाचवून स्वतःच त्यांच्या कचेरीत नेऊन दिलं. ते अजून आलेले नव्हते. टेबलावर माझी फाइल होती, तिच्यावरच पाकीट ठेवलं आणि शिपायाला सांगितलं, “नानांना म्हणावं, मॅडमनी चिठ्ठ्या उलट्या लावल्या. काही बोलायचं असेल तर मी वर्गात आहे.” तो म्हणाला, “असंच सांगू?” म्हटलं, “असंच सांग.”

मग पहिला तास. शेवटच्या वर्षाचा वर्ग, स्थानिक स्वराज्य संस्था. पाठ्यपुस्तक मिटायला सांगितलं आणि अंक पहिल्या बाकावर दिला. एक मुलगी उभी राहून ‘माघारीचा दिवस’ वाचायला लागली. स्पष्ट वाचत होती. जीपचा भाग आला, भज्यांचा आला, साडीपाशी ती अडखळली आणि बोट ओळीवर तसंच ठेवून तिने वर पाहिलं.

“मॅडम, हे आमच्या गावाचं आहे.”

मागच्या बाकावरून आणखी एकीने हात वर केला.

मी म्हटलं, “पुढे वाच.”